तटस्थ अमेरिकेची जहाजं कोणत्या कायद्याने पकडली जात होती?

प्रश्न असा आहे: १७९३ ते १८१२ या काळात युरोपातल्या लढायांपासून अमेरिका बाहेर राहिली होती, तरी ब्रिटन आणि फ्रान्स दोघंही तिची व्यापारी जहाजं सर्रास धरत होते. याला काही कायदेशीर आधार होता, की ती नुसती चाचेगिरी होती? आणि १८१२ चं युद्ध खरोखर सागरी हक्कांसाठी झालं का?

मी जहाज-जप्तीचे आणि सागरी विम्याचे दावे चालवतो, त्यामुळे या काळाकडे मी कोर्टाच्या कागदांतून बघतो. तिथून दिसणारं उत्तर थोडक्यात सांगतो. मालाच्या बाबतीत कायदा होता. तो बलवानाच्या बाजूने झुकलेला होता, पण कोर्ट होतं, अपील होतं आणि कधीकधी भरपाईही हातात पडत होती. जहाजावरच्या माणसाच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. साखरेच्या पिंपाला वकील मिळत होता, खलाशाला मिळत नव्हता. गोष्ट १८१२ पर्यंत का चिघळली हे समजून घ्यायचं तर हा फरक आधी ध्यानात घ्यायला हवा.

सुरुवात मात्र समुद्रावरून न करता बंदरातून करू, कारण तटस्थ राहणाऱ्या देशाला आधी स्वतःचं अंगण सांभाळावं लागतं. १ फेब्रुवारी १७९३ रोजी फ्रान्सने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. फ्रान्सशी अमेरिकेचा १७७८ चा मैत्रीचा करार होता आणि त्या मदतीच्या बळावरच तिला स्वातंत्र्य मिळालं होतं. पण नौदल म्हणावं असं काही तिच्याकडे नव्हतं. २२ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी जाहीरनामा काढला: दोन्ही बाजूंशी मित्रत्वाने आणि निःपक्षपातीपणे वागायचं, आणि जो नागरिक या युद्धात हात घालेल त्याला सरकार पाठीशी घालणार नाही. तोवर फ्रान्सचा नवा राजदूत एदमों झने हा चार्ल्सटनला उतरून कामाला लागलाही होता. अमेरिकन बंदरांत जहाजं सज्ज करायची, अमेरिकन खलाशी भरायचे, त्यांना फ्रेंच परवाने द्यायचे आणि ब्रिटिश जहाजांवर सोडायचं, असा त्याचा उद्योग होता. पकडून आणलेल्या जहाजांचा निवाडा फ्रेंच वकिलातींनी अमेरिकन भूमीवरच करावा, अशीही त्याची तयारी होती.

याच सुमारास ‘ग्रेंज’ नावाचं ब्रिटिश जहाज एका फ्रेंच फ्रिगेटने डेलावेअरच्या उपसागरात, म्हणजे अमेरिकेच्या उंबरठ्याच्या आत पकडलं. अॅटर्नी जनरल रँडॉल्फ यांनी मत दिलं की हे पाणी अमेरिकेचं आहे, सबब पकड बेकायदा. फ्रान्सला ते जहाज परत करावं लागलं. जुलैत याहून वाईट झालं. ‘लिटल सारा’ हे पकडलेलं ब्रिटिश जहाज फिलाडेल्फियात, राजधानीच्या नाकासमोर, तोफा चढवून सज्ज केलं गेलं आणि सरकारच्या इशाऱ्याला न जुमानता समुद्रात निघून गेलं. मंत्रिमंडळाने सुप्रीम कोर्टाला २९ प्रश्न लिहून पाठवले आणि कोर्टाने ऑगस्टमध्ये नम्रपणे नकार दिला: खटला असेल तर निकाल देऊ, सल्ला देणार नाही. फ्रेंच परवान्यावर चाललेल्या जहाजात नोकरी केल्याबद्दल गिडियन हेनफील्ड या खलाशावर खटला भरला, तर ज्युरीने त्याला सोडून दिलं. लोकांचं मन फ्रान्सकडे होतं आणि शिक्षा करायला लेखी कायदाच नव्हता. तो ५ जून १७९४ रोजी आला. त्याच वर्षी ‘बेट्सी’ जहाजाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की परकीय वकिलातीला अमेरिकन भूमीवर कोर्ट भरवता येणार नाही.

मला स्वतःला या दोन वर्षांचं काम फार मोठं वाटतं. किनाऱ्यापासून एक सागरी लीग, म्हणजे तीन सागरी मैल, हा पट्टा आपला असं परराष्ट्रमंत्री जेफरसन यांनी नोव्हेंबर १७९३ मध्ये कळवलं. आपल्या बंदरात बेकायदा सज्ज झालेल्या जहाजांनी केलेल्या नुकसानीची भरपाई करण्याचं आश्वासनही ब्रिटनला लेखी दिलं, आणि पुढे त्यापोटी जवळपास १ लाख ४३ हजार डॉलरचे निवाडे झाले. हक्क मागणाऱ्या देशाने कर्तव्याची किंमत रोख मोजली. ही तयारी त्या काळात विरळा होती.

आता समुद्रावर जाऊ. ब्रिटन जो जुना नियम मानत होतं तो असा: तटस्थ जहाजावर शत्रूचा माल सापडला तर माल जप्त, जहाज मोकळं. युद्धसामग्री शत्रूकडे चालली असेल तर ती जप्त. नाकेबंदी असलेल्या बंदरात शिरू पाहणारं जहाजही जप्त. शिवाय ‘१७५६ चा नियम’ म्हणून आणखी एक होता. फ्रान्स शांततेच्या काळात आपल्या वसाहतींचा व्यापार परक्या जहाजांना करू देत नसे. युद्धात स्वतःची जहाजं निघेनाशी झाली म्हणून त्याने तो तटस्थांना उघडला, तर ब्रिटन ते मानायला बांधील नाही. अमेरिकेची भूमिका उलट होती. जहाज तटस्थ तर त्यातला मालही सुरक्षित, अपवाद फक्त युद्धसामग्रीचा, आणि तिची यादीही आखूड. १७७८ च्या फ्रेंच करारात हे तिने लिहून घेतलं होतं. ब्रिटनने अमेरिकेला ते कधीच कबूल केलं नव्हतं.

पकड कशी व्हायची ते जवळून पाहण्यासारखं आहे. युद्धनौका किंवा परवानाधारक खासगी लढाऊ जहाज तोफेचा इशारा देऊन व्यापारी जहाज थांबवायचं. होडीतून एक अधिकारी वर चढायचा आणि कागद मागायचा: नोंदणीपत्र, खलाशांची यादी, चार्टर पार्टी (जहाज भाड्याने घेतल्याचा करार), बिल ऑफ लेडिंग (माल चढवल्याची पावती), बीजकं, लॉगबुक. काही खटकलं की स्वतःची चार-सहा माणसं त्या जहाजावर चढवून ते जवळच्या ब्रिटिश बंदरात न्यायचं: हॅलिफॅक्स, बर्म्युडा, अँटिग्वा, जमैका. तिथे प्राइझ कोर्ट, म्हणजे युद्धात पकडलेल्या जहाजांचा आणि मालाचा निवाडा करणारं कोर्ट. कप्तान आणि एक-दोन खलाशी यांना ठरलेली प्रश्नावली देऊन जबानी घ्यायची. पहिल्या फेरीत पुरावा फक्त जहाजावरचा: कागद आणि या जबान्या. बाहेरचा पुरावा न्यायाधीशाने परवानगी दिली तरच. माल आपला आहे हे सिद्ध करायचा बोजा दावेदारावर, म्हणजे बॉस्टनमध्ये बसलेल्या मालकावर, ज्याला जहाज पकडलं गेल्याचं कळायलाच काही आठवडे जायचे. निकाल विरुद्ध गेला तर लंडनला अपील, त्यासाठी जामीन, वकील आणि वर्षानुवर्षांची वाट. जहाज जप्त झालं की त्याच्या विक्रीची रक्कम पकडणाऱ्या कप्तानात आणि खलाशांत वाटली जायची, आणि वसाहतींतल्या न्यायाधीशांचं उत्पन्न बऱ्याच अंशी फीवर चालायचं. न्याय कुठल्या बाजूला कलत असेल हे वेगळं सांगायला नको. तरीही पद्धत होती. पुरेसं कारण नसताना पकडलं तर पकडणाऱ्यालाच नुकसानभरपाई भरावी लागे, आणि लंडनच्या अपिलात खालचे निकाल उलटतही.

६ नोव्हेंबर १७९३ च्या ब्रिटिश हुकुमाने ही पद्धत पार ताणली. फ्रेंच वसाहतीचा माल नेणारं किंवा तिथे रसद पोचवणारं प्रत्येक जहाज अडवा, असा तो हुकूम. तो जाहीर करण्याआधीच आरमाराकडे रवाना झाला होता. वेस्ट इंडिजमध्ये अडीचशेच्या आसपास अमेरिकन जहाजं सापळ्यात अडकली. जानेवारीत ब्रिटनने हुकूम सौम्य केला, पण तोवर अमेरिकेत युद्धाची भाषा सुरू झाली होती. वॉशिंग्टन यांनी सरन्यायाधीश जॉन जे यांना लंडनला पाठवलं आणि १९ नोव्हेंबर १७९४ रोजी करार झाला. अमेरिकेत त्यावर प्रचंड शिव्या बसल्या, सिनेटमध्ये तो कसाबसा २० विरुद्ध १० असा मंजूर झाला. सिद्धांताच्या बाजूने पाहिलं तर जे यांनी बरंच सोडून दिलं होतं: शत्रूचा माल तटस्थ जहाजावरून काढून घेण्याचा ब्रिटिश हक्क त्यांनी मान्य केला.

पण दावेदाराच्या बाजूने वाचा. कलम ७ ने लंडनमध्ये पाच जणांचा आयोग नेमला. दोन ब्रिटिश, दोन अमेरिकन आणि पाचवा चिठ्ठी टाकून. ती चिठ्ठी निघाली जॉन ट्रंबल यांच्या नावाची, म्हणजे अमेरिकन क्रांतीची मोठी चित्रं काढणारे तेच चित्रकार. ब्रिटिश सदस्य म्हणाले, लंडनच्या अपील कोर्टाने एकदा निकाल दिला की विषय संपला. बहुमताने ठरलं की नाही. आमच्या अधिकाराच्या कक्षा आम्ही ठरवू आणि त्या निकालानंतरही भरपाई देऊ. मध्ये काही वर्षं काम बंद पडलं, तरी १८०४ पर्यंत अमेरिकन मालकांना एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम मिळाली. बलाढ्य आरमाराच्या देशाने आपल्याच सर्वोच्च प्राइझ कोर्टाच्या निकालाविरुद्ध पैसे मोजले. आंतरराष्ट्रीय लवाद आज आपण ज्या अर्थाने ओळखतो, त्याचा पाया इथे आहे.

आपल्याकडच्या वाचकांसाठी याच कराराचं कलम १३. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश बंदरांशी व्यापाराची मुभा त्याने अमेरिकन जहाजांना दिली. मुंबई त्यात आलीच. अट अशी की इथून घेतलेला माल थेट अमेरिकेत उतरवायचा, आणि इथल्या किनाऱ्यावर बंदर ते बंदर वाहतूक करायची नाही.

या कराराने फ्रान्स चिडला आणि खलाशांची यादी ठरावीक नमुन्यात नाही एवढ्या कारणावरून जहाजं जप्त करू लागला. त्यातून १७९८ ते १८०० चं अघोषित नाविक युद्ध झालं. ३० सप्टेंबर १८०० च्या तहाने ते मिटलं, पण अमेरिकन मालकांचे फ्रान्सवरचे दावे सरकारने तडजोडीत सोडून दिले. ते कोर्टात ऐकले जावेत यासाठीचा कायदा अमेरिकन काँग्रेसने १८८५ मध्ये केला. तोवर मूळ दावेदार थडग्यात गेले होते.

यानंतरचं प्रकरण माझ्या धंद्यातल्या माणसाला सगळ्यात ओळखीचं वाटेल. हवानाची, म्हणजे ब्रिटनचा शत्रू असलेल्या स्पेनच्या वसाहतीतली, साखर थेट युरोपात न्यायची तर १७५६ चा नियम आडवा येतो. मग अमेरिकन व्यापाऱ्यांनी ती आधी आपल्या बंदरात उतरवायला आणि तिथून ‘अमेरिकन माल’ म्हणून पुढे पाठवायला सुरुवात केली. १८०० मध्ये ‘पॉली’ जहाजाच्या खटल्यात लंडनच्या प्राइझ कोर्टाचे न्यायाधीश सर विल्यम स्कॉट यांनी हे मान्य केलं: मार्बलहेड या अमेरिकन बंदरात माल उतरला, जकात भरली, म्हणजे आयात खरी. व्यापाऱ्यांना वाट सापडली. १७९० च्या सुमारास परदेशी मालाची अमेरिकेतून होणारी पुनर्निर्यात पाच लाख डॉलरच्या आसपाससुद्धा जेमतेम होती. १८०६ मध्ये ती सहा कोटींवर गेली. अमेरिकेने स्वतः पिकवलेल्या मालाच्या निर्यातीपेक्षा हा आकडा मोठा होता.

मग १८०५ मध्ये ‘एसेक्स’चा निकाल आला. बार्सिलोनाहून दारू घेऊन हे अमेरिकन जहाज आपल्या देशात सेलमच्या बंदरात आलं, माल उतरवला, जहाजाची डागडुजी केली, तोच माल त्याच जहाजात भरून हवानाला निघालं आणि पकडलं गेलं. लंडनच्या अपील कोर्टाने जकातीचे कागद तपासले. जकात रोख भरलेली नव्हती, नुसता बाँड (हमीपत्र) लिहून दिला होता, आणि पुनर्निर्यातीवर जवळजवळ सगळी रक्कम परताव्यात माफ होणार होती. कोर्टाचं म्हणणं, मूळ हेतू हवानाचाच असेल तर सेलमचा थांबा प्रवास तोडत नाही. माल गेला. त्या उन्हाळ्यात एकामागून एक अमेरिकन जहाजं पकडली गेली आणि विम्याचे दर चढले.

खरं सांगायचं तर या निकालातला तर्क मला चुकीचा वाटत नाही. परताव्याच्या कागदांवर ज्याने काम केलं आहे त्याला तो पटेल. अन्याय होता तो वेळेत. पाच वर्षं ‘पॉली’च्या निकालावर विसंबून लोकांनी भांडवल गुंतवलं, आणि कुठलीही सूचना न देता, समुद्रात असलेल्या जहाजांना नवा नियम लावला.

इथपर्यंत निदान नियमाचा वाद होता. नेपोलियनच्या २१ नोव्हेंबर १८०६ च्या बर्लिन फर्मानाने सगळी ब्रिटिश बेटं कागदावर नाकेबंदीखाली गेली, आणि ती राबवायला त्याच्याकडे आरमार उरलेलं नव्हतं. ब्रिटनने नोव्हेंबर १८०७ मध्ये उत्तर दिलं: ज्या बंदरांतून ब्रिटिश मालाला मज्जाव आहे तिथे जायचं असेल तर आधी ब्रिटिश बंदरात या, जकात भरा, परवाना घ्या. १७ डिसेंबरच्या मिलान फर्मानात नेपोलियन म्हणाला, जे जहाज असं करेल, किंवा ब्रिटिशांना झडती घेऊ देईल, ते तटस्थ उरलंच नाही; आम्ही ते जप्त करू. अमेरिकन कप्तानासाठी इकडे आड, तिकडे विहीर. अमेरिकन सरकारच्या १८१२ च्या हिशेबाप्रमाणे १८०३ पासून ब्रिटनने ९१७ आणि फ्रान्सने ५५८ जहाजं धरली होती.

‘एक्सचेंज’ची गोष्ट याच काळातली. बाल्टिमोरच्या मालकांचं हे जहाज स्पेनला जाताना डिसेंबर १८१० मध्ये नेपोलियनच्या माणसांनी घेतलं आणि फ्रेंच नौदलात सामील केलं. पुढच्या उन्हाळ्यात वादळाच्या तडाख्याने ते नेमकं फिलाडेल्फियाच्या बंदरात आलं, नवं नाव आणि फ्रेंच झेंडा घेऊन. मालकांनी कोर्टात धाव घेतली. १८१२ मध्ये सरन्यायाधीश मार्शल यांनी निकाल दिला की मित्रराष्ट्राची युद्धनौका आपल्या बंदरात आली तर तिच्यावर आपल्या कोर्टाचा अधिकार चालत नाही. मालकांसमोर त्यांचं जहाज उभं होतं आणि ते परत मिळालं नाही. परकीय सरकारी जहाजांच्या संरक्षणाचा विषय निघाला की हा निकाल आजही जगभर पुढे केला जातो.

आता माणसांकडे. ब्रिटिश आरमारात जीव घेणारी नोकरी, कमी पगार, आणि युद्ध संपेपर्यंत सुटका नाही. अमेरिकन जहाजांवर पगार कितीतरी चांगला, म्हणून ब्रिटिश खलाशी तिकडे जात. ब्रिटनचं म्हणणं, जन्माने राजाचा प्रजाजन तो मरेपर्यंत प्रजाजन; अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन काही बदलत नाही. मग झडतीच्या निमित्ताने वर चढलेला अधिकारी खलाशांना डेकवर रांगेत उभं करायचा, बोली ऐकायचा, चेहरे बघायचा आणि हवी तितकी माणसं उचलून न्यायचा. अमेरिकेने १७९६ पासून खलाशांना ओळखपत्रं दिली: उंची, केसांचा रंग, जखमेचा वण, गोंदण. ती विकलीही जात, उसनीही घेतली जात, आणि म्हणून खरी ओळखपत्रंही अधिकारी बाजूला टाकत.

इथे कोर्ट कुठे होतं? कुठेच नाही. प्रश्नावली नाही, जबानी नाही, अपील नाही. निर्णय त्या तरुण लेफ्टनंटचा, तिथल्या तिथे, आणि त्याला स्वतःच्या जहाजासाठी माणसं हवीच असत. लंडनमधला अमेरिकन एजंट नौदल खात्याला अर्ज करायचा. उत्तरं यायची: कागद अपुरे आहेत, याने इंग्लंडमध्ये लग्न केलं आहे, याने भरतीचा बक्षिसी भत्ता घेतला, म्हणजे तो स्वेच्छेने आला. सुटका झालीच तर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी. अमेरिकन यादीत सहा हजारांहून जास्त नावं जमली. त्यात दुबार नावं असतील, पण अर्ज करायला कोणी नव्हतं अशी कितीतरी नावं यादीत आलीच नसतील.

अमेरिकेची बाजूही पूर्ण स्वच्छ नव्हती. १८०७ मध्ये अर्थमंत्री गॅलाटिन यांनी अंदाज काढला की आपल्या परदेशी व्यापाराच्या जहाजांवर सुमारे ९,००० ब्रिटिश खलाशी आहेत, म्हणजे कसलेल्या खलाशांपैकी साधारण निम्मे. त्यांना नोकरीवर घेणार नाही असं कबूल केलं तर ब्रिटनशी तडजोड होऊ शकली असती आणि अमेरिकेचा व्यापार लंगडा झाला असता. तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या जेफरसन यांच्या सरकारने ते केलं नाही.

२२ जून १८०७ रोजी व्हर्जिनियाच्या नॉरफोकबाहेर हे सगळं फुटलं. अमेरिकन नौदलाची ‘चेसापीक’ भूमध्य समुद्राकडे निघाली होती. डेकवर सामान अस्ताव्यस्त, तोफा सज्ज नाहीत. ‘लेपर्ड’ या ब्रिटिश युद्धनौकेने आपले पळपुटे खलाशी मागितले. ‘चेसापीक’वरचे कमोडोर बॅरन यांनी नकार दिल्यावर लेपर्डने तोफांचा भडिमार केला. तीन ठार, अठरा जखमी. झेंडा उतरत असताना लेफ्टनंट अॅलन यांनी स्वयंपाकघरातून पेटता निखारा आणून एक तोफ कशीबशी डागली, तेवढंच उत्तर. चार जणांना नेलं. त्यातला जेन्किन रॅटफर्ड ब्रिटिश होता. त्याला हॅलिफॅक्सला फाशी दिली. उरलेले तिघे अमेरिकन होते. विल्यम वेअर कैदेत मेला आणि दोघे जुलै १८१२ मध्ये, युद्ध सुरू झाल्यावर, बॉस्टनला चेसापीकच्याच डेकवर परत आणले गेले. युद्धनौकेची झडती घेण्याचा हक्क आपल्याला आहे असं ब्रिटिश सरकारनेही म्हटलं नाही, आणि नंतर या कृत्याची जबाबदारी नाकारली.

जेफरसन यांचं उत्तर म्हणजे डिसेंबर १८०७ ची जहाजबंदी: आपली जहाजं बाहेरच पाठवायची नाहीत. निर्यात १० कोटी ८० लाख डॉलरवरून एका वर्षात २ कोटी २० लाखांवर आली. ब्रिटन हललं नाही, ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडची बंदरं ओस पडली आणि मार्च १८०९ मध्ये बंदी उठली.

१८ जून १८१२ च्या युद्धघोषणेला प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९ मतं पडली. ज्या न्यू इंग्लंडची जहाजं सर्वांत जास्त होती, तिथले बहुतेक प्रतिनिधी विरोधात गेले. पश्चिम सीमेवरचे मूळनिवासींशी झगडे आणि कॅनडाची हाव ही कारणंही होतीच, म्हणून ‘फक्त सागरी हक्कांसाठी’ असं मी म्हणणार नाही. पण पाच दिवसांनी लंडनने तटस्थ व्यापारावरचे १८०७ चे ते हुकूम मागे घेतले, आणि ही बातमी पोचल्यावरही युद्ध थांबलं नाही. कारण राष्ट्राध्यक्ष मॅडिसन खलाशांच्या प्रश्नावर अडून बसले. माल सुटला होता, माणूस सुटला नव्हता. डिसेंबर १८१४ च्या घेंटच्या तहात या प्रश्नाबद्दल अवाक्षर नाही. नेपोलियन पडल्यावर ब्रिटिश आरमाराला माणसांची गरज उरली नाही, म्हणून तो विझला. त्या युद्धातली शेवटची नाविक चकमक ३० जून १८१५ ची, सुंदाच्या सामुद्रधुनीत. अमेरिकेच्या ‘पीकॉक’ने कंपनी सरकारच्या मुंबई आरमाराचं ‘नॉटिलस’ घेतलं, तह झाल्याचं सांगितलं जात असतानाही. दुसऱ्या दिवशी खात्री पटल्यावर सोडलं.

मूळ प्रश्नाकडे येतो. चाचेगिरी नव्हती, पण १८०७ नंतर जे चाललं त्याला मी कायदाही म्हणणार नाही. तो सूड होता, कोर्टाचा शिक्का मारलेला. अभ्यासासाठी एवढं मात्र करा: कुठल्याही पकडीची हकीगत वाचताना जहाज बंदरातून निघाल्याची तारीख आधी शोधा आणि त्या दिवशी कोणता हुकूम लागू होता ते बघा. आणि १८६१ नंतरचे अमेरिकन खटलेही सोबत वाचा. यादवी युद्धात अमेरिकेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. त्याच नाकेबंदीमुळे दक्षिणेचा कापूस अडकला आणि मुंबईत कापसाचा पैसा वाहू लागला. तेव्हा तटस्थ ब्रिटिश जहाजं पकडताना अमेरिकन कोर्टांनी जो तर्क वापरला, की मधला थांबा प्रवास तोडत नाही, तो थेट ‘एसेक्स’च्या निकालातला आहे.